पानगळीचे नाव : पेशीमृत्यूच्या शोधाची तीनशे वर्षे

१/
१६६५ मध्ये लंडनच्या रॉबर्ट हुक यांनी बुचाचा एक पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रिकामी घरे दिसली. त्यांना त्यांनी ‘सेल’, म्हणजे कोठडी, हे नाव दिले. एका घनइंचात अशी १२५ कोटींहून अधिक घरे असावीत, असा हिशेबही मांडला. शाळेत सर्वांनी वाचलेल्या या प्रसंगातील एक तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. बूच ही झाडाची मृत साल. हुक यांनी त्या कापात पाहिलेली प्रत्येक पेशी मेलेली होती. उरल्या होत्या त्या केवळ भिंती.

२/
पेशीचा इतिहास असा मृत पेशीपासून सुरू होतो. तरीही पेशी नेमकी मरते कशी, आणि त्या मरणाचा माणसाच्या आजाराशी संबंध काय, हे उलगडायला पुढची तीनशे वर्षे लागली. उपकरणे नव्हती म्हणून हा विलंब झाला, असे म्हणता येत नाही. जे शोधायचे होते ते अनेकांनी, अनेकदा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. या धाग्यात त्या पाहून न पाहिलेल्या गोष्टीची हकिकत आहे. तिच्यात बेडूक आहेत, बॅरिकेडवर उभा राहिलेला डॉक्टर आहे, एक मिलिमीटर लांबीचा कृमी आहे आणि ग्रीक भाषेचे एक प्राध्यापकही आहेत.

३/
१८३८-३९ मध्ये श्लायडन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी वनस्पती व प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असतात, असा सिद्धांत मांडला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८४२ मध्ये, कार्ल फोग्ट या पंचविशीतल्या संशोधकाने ‘सुईण बेडका’च्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. या जातीतला नर अंड्यांची माळ मागच्या पायांभोवती गुंडाळून वागवतो, म्हणून हे नाव. पिल्लाच्या पाठीतील आद्य कणा म्हणजे पृष्ठरज्जू कालांतराने नाहीसा होतो आणि त्याच्या जागी मणके येतात. फोग्ट यांनी नोंदवले की जुन्या पेशी मणक्याच्या पेशींत रूपांतरित होत नाहीत. त्या नष्ट होतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात.

४/
निरोगी, वाढत्या जीवात पेशी ठरल्या वेळी मरतात, याची ही अगदी आरंभीची नोंद. फोग्ट यांनी मात्र त्यावर सिद्धांत उभारला नाही. १८४८ च्या क्रांतीत ते फ्रँकफर्टच्या संसदेत गेले, क्रांती फसल्यावर परागंदा झाले आणि स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाले. पुढे कार्ल मार्क्सशी त्यांचे असे बिनसले की मार्क्सने १८६० मध्ये ‘हेर फोग्ट’ हे संपूर्ण पुस्तक त्यांच्याविरुद्ध लिहिले. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना फोग्ट भेटतात ते बहुधा याच पुस्तकामुळे. बेडकाच्या पाठीतील मृत पेशी बाजूला राहिल्या.

५/
त्याच १८४८ मध्ये रुडॉल्फ फिरखो हे तरुण प्रशियन डॉक्टर टायफसच्या साथीची पाहणी करण्यासाठी अप्पर सायलीशियात पाठवले गेले. साथीचे मूळ उपासमार, अज्ञान आणि राज्यकर्त्यांची अनास्था यांत आहे, असा निर्भीड अहवाल त्यांनी दिला. परतताच ते बर्लिनच्या रस्त्यांवर उभारलेल्या बॅरिकेडवर उभे राहिले. दहा वर्षांनी, १८५८ मध्ये, याच फिरखोंनी बर्लिनमध्ये वीस व्याख्याने दिली. ती ‘पेशीय विकृतिशास्त्र’ या अर्थाच्या जर्मन नावाने ग्रंथरूपात आली आणि वैद्यकाची दिशा बदलली.

६/
तोवर आजाराचे मूळ शरीरातील रसांच्या असमतोलात, रक्तात किंवा एखाद्या अवयवात शोधले जाई. फिरखो म्हणाले की आजार पेशीत असतो. प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते, आणि निरोगी पेशीत बिघाड होतो तेव्हा माणूस आजारी पडतो. शरीराला त्यांनी राज्याची उपमा दिली, पेशीला त्या राज्यातील नागरिकाची. लोकशाहीसाठी झगडणाऱ्या माणसाला शरीरातही प्रजासत्ताक दिसावे, यात नवल नाही. त्यांचे राजकारण आणि त्यांचे विज्ञान एकाच मुशीतून घडले होते.

७/
या प्रजासत्ताकात मृत्यूचे स्थान कोणते? फिरखोंच्या काळात मृत पेशी डॉक्टरांसमोर येत ती प्रामुख्याने शवविच्छेदनाच्या मेजावर. गँगरीनने काळा पडलेला पाय, रक्तवाहिनी बंद झाल्याने पांढरट पडलेला मूत्रपिंडाचा तुकडा, क्षयाने पोखरलेले फुफ्फुस. ग्रीक ‘नेक्रोस’, म्हणजे प्रेत, या शब्दापासून आलेला ‘नेक्रोसिस’ हा शब्द त्यासाठी आधीपासून रूढ होता. फिरखोंनी हळूहळू झिजत होणाऱ्या मरणासाठी ‘नेक्रोबायोसिस’ असा वेगळा शब्दही वापरला. पण एकंदर समज पक्की झाली ती अशी : पेशी मरते ती मारली जाते म्हणून. रक्त तुटले, विष भिनले, जंतू शिरले, भाजले, ठेचले, की पेशी मरणार.

८/
ही समज चुकीची नव्हती. पेशीच्या आवरणावर सोडिअम बाहेर फेकणारे पंप अहोरात्र चालू असतात. त्यांना लागणारी ऊर्जा मुख्यतः तंतुकणिका पुरवतात आणि तंतुकणिकांना प्राणवायू लागतो. प्राणवायू थांबला की ऊर्जा आटते, पंप मंदावतात, सोडिअमबरोबर पाणी आत शिरते आणि पेशी फुगते. रक्त वेळीच परतले तर ती सावरते. न परतल्यास कॅल्शिअमचा लोंढा आत येतो, आवरण फाटते आणि आतले पदार्थ बाहेर सांडतात. त्या सांडलेल्या ऐवजामुळे आसपास दाह उसळतो. फुगणे, फुटणे आणि दाह ही नेक्रोसिसची खूण.

९/
फुगलेली पेशी कोणत्या क्षणी परतीच्या पलीकडे जाते? या प्रश्नाचे मोजून दिलेले उत्तर विसाव्या शतकात मिळाले. १९६० मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी ठरावीक वेळ बांधून पुन्हा मोकळी केली. साधारण वीस मिनिटांच्या आत रक्त परतले तर हृदयस्नायूंच्या पेशी वाचत. त्यापुढे मरणाऱ्या पेशींची संख्या वाढत जाई. १९७७ मध्ये रायमर आणि जेनिंग्ज यांनी दाखवले की हे मरण हृदयाच्या आतल्या थरातून बाहेरच्या थराकडे लाटेसारखे काही तासांत सरकते.

१०/
लाट सरकायला तास लागतात, याचा अर्थ वाचवायला तास हाती असतात. १९८६ मध्ये इटलीत हृदयविकाराचा झटका आलेल्या ११ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत रक्ताची गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज वापरले गेले. झटक्यानंतर तासाभरात औषध मिळालेल्यांमध्ये मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. छातीत दुखू लागताच एकही मिनिट न दवडता रुग्णालय गाठा, या आजच्या सल्ल्यामागे त्या मरत्या पेशींचे घड्याळ आहे. फिरखोंनी सुरू केलेली वाट इथवर आली.

११/
पण ही झाली निम्मी गोष्ट. उरलेल्या निम्म्यासाठी पुन्हा एकोणिसाव्या शतकात जावे लागते, कील शहरातील वॉल्थर फ्लेमिंग यांच्याकडे. पेशी विभागताना तिच्या केंद्रकातील धाग्यांची हालचाल त्यांनी रेखाटली आणि १८८२ मध्ये त्या प्रक्रियेला ‘मायटोसिस’ हे नाव रूढ केले. १८८५ मध्ये त्यांना अंडाशयातील ओसरत्या पुटिकांमध्ये याउलट दृश्य दिसले. पेशी आक्रसत होत्या, केंद्रकाचे तुकडे होत होते, आणि आसपास दाहाचा मागमूस नव्हता. त्यांनी त्याला ‘क्रोमॅटोलिसिस’ म्हटले आणि अचूक चित्रेही काढली.

१२/
पेशीचा जन्म आणि पेशीचे शांत मरण एकाच माणसाने पाहिले, दोहोंना नावे दिली. पहिले नाव आज दहावीच्या पाठ्यपुस्तकात आहे. दुसरे विस्मरणात गेले. १८९० मध्ये अमेरिकेतील विल्यम काउन्सिलमन यांना पीतज्वराने दगावलेल्यांच्या यकृतात आक्रसलेले, गोल, चकचकीत गोळे दिसले. ‘काउन्सिलमन पिंड’ म्हणून ते प्रसिद्ध झाले. तो आक्रसून मेलेल्या यकृतपेशींचाच अवशेष होता, पण त्याकडे पीतज्वराची खूण म्हणून पाहिले गेले. १९१४ मध्ये लुडविग ग्रेपर यांनी तर स्पष्टच लिहिले की पेशी सतत जन्मत असतील, तर त्या गुपचूप नाहीशा करणारी प्रक्रियाही असलीच पाहिजे. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. ग्रेपर यांचा निबंध दीर्घकाळ अडगळीत राहिला.

१३/
१९५१ मध्ये केंब्रिजच्या आल्फ्रेड ग्लुक्समन यांनी गर्भवाढीत पेशी कुठे कुठे मरतात याची लांबलचक जंत्री प्रसिद्ध केली. आपल्या हाताची बोटे सुटी होतात ती गर्भावस्थेत त्यांच्यामधल्या पेशी मरतात म्हणून. १९६४-६५ मध्ये रिचर्ड लॉकशिन आणि कॅरोल विल्यम्स यांनी रेशीमपतंग कोशातून बाहेर पडल्यावर त्याचे विशिष्ट स्नायू कसे विरून जातात हे तपासले आणि ‘आखलेला पेशीमृत्यू’ अशी संज्ञा वापरली. हे सारे गर्भशास्त्र व कीटकशास्त्राच्या दालनात घडत होते. शेजारच्या दालनात रोगी माणसांच्या ऊती तपासणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञांपर्यंत त्याचा आवाज फारसा पोहोचत नव्हता.

१४/
दार उघडले ते यकृताने. ब्रिस्बेनचे तरुण ऑस्ट्रेलियन डॉक्टर जॉन केर १९६२ मध्ये संशोधनासाठी लंडनला आले. उंदराच्या यकृताच्या काही खंडांकडे जाणारी प्रवेशिका शिरेची शाखा बांधायची आणि पुढे काय होते ते पाहायचे, असा त्यांचा प्रयोग होता. पहिल्या काही तासांत अपेक्षेप्रमाणे नेक्रोसिसचे पट्टे दिसले. नंतर ते निवळले, तरी यकृताचे ते खंड आठवड्यांमागून आठवडे लहानच होत गेले. जिवंत भासणाऱ्या भागात इकडे एक, तिकडे एक पेशी आक्रसून गोल होत होती, तिचे तुकडे पडत होते आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकत होत्या. दाह कुठेही नव्हता.

१५/
आणखी एक गोष्ट जुळत नव्हती. १९५५ मध्ये ख्रिश्चन द दुव यांनी लयकारिकांचा शोध लावला होता. त्या ‘आत्मघाती पिशव्या’ फुटल्या की पेशी मरते, ही कल्पना त्या काळी प्रभावी होती आणि शालेय पुस्तकांत आजही टिकून आहे. केर यांनी लयकारिका रंगवून पाहिल्या. नेक्रोसिसच्या पट्ट्यांत त्या फुटलेल्या होत्या. एकेकट्या आक्रसणाऱ्या पेशींत मात्र शाबूत होत्या. म्हणजे हे मरण वेगळ्या जातीचे होते. ब्रिस्बेनला परतल्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानेही तेच दाखवले. १९७१ मध्ये केर यांनी त्याला ‘आक्रसणारा नेक्रोसिस’ असे नाव दिले. वेगळेपण सांगणाऱ्या नावातही जुना शब्द चिकटून राहिला होता.

१६/
स्कॉटलंडमधील अॅबर्डीन विद्यापीठाचे अॅलिस्टर करी आणि त्यांचे विद्यार्थी अँड्र्यू वायली यांना उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीत असेच मरण दिसत होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येणारे एक संप्रेरक कमी पडले की अधिवृक्क ग्रंथीच्या पेशी आक्रसून मरत. ते संप्रेरक टोचले की मरण थांबे. याचा अर्थ पेशी जगण्यासाठी बाहेरून येणाऱ्या निरोपावर अवलंबून होती आणि तो निरोप थांबला की ती आवरते घेत होती. करी ब्रिस्बेनला आले असता केर यांच्याशी गाठ पडली आणि पुढे केर अॅबर्डीनला गेले. तिघांनी मिळून निबंध लिहायला घेतला. आता नवे नाव हवे होते.

१७/
ते सुचवले अॅबर्डीनचे ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी. झाडावरून पाने किंवा फुलावरून पाकळ्या गळून पडणे या अर्थाचा ग्रीक शब्द ‘अपोप्टोसिस’. मराठीत त्याला तयार शब्द आहे : पानगळ. पिंपळाचे पिकले पान देठाशी बारीक थर तयार करून स्वतःच सुटते. वादळाने फांदी मोडणे निराळे. ऑगस्ट १९७२ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये निबंध छापून आला. नवा शब्द उच्चारावा कसा, हेही तळटीपेत सांगावे लागले. कर्करोगाच्या नियतकालिकात तो आला याला कारण होते. गाठीची वाढ म्हणजे केवळ पेशींचा जन्म नव्हे, जन्म वजा मृत्यू, हे तिघांना उमगले होते.

१८/
नाव मिळताच जग बदलले, असे मात्र झाले नाही. पहिल्या दशकात निबंधाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. ‘हे दिसते तेवढेच, यामागे यंत्रणा कोणती?’ हा आक्षेप गैरवाजवी नव्हता. १९८० मध्ये वायली यांनी दाखवले की अशा पेशीत डीएनएची साखळी मोजून मापून, ठरावीक लांबीच्या तुकड्यांत कापली जाते. अपघातात असा नेटकेपणा नसतो. तिकडे केंब्रिजमध्ये जॉन सल्स्टन एका पारदर्शक कृमीतील प्रत्येक पेशीची वंशावळ सूक्ष्मदर्शकाखाली बसून नोंदवत होते. या कृमीत १०९० शरीरपेशी जन्मतात आणि नेमक्या १३१ मरतात. दर कृमीत त्याच, त्याच वेळी.

१९/
ठरावीक मरण म्हणजे ठरावीक हुकूम. १९८६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हॉर्विट्झ आणि हिलरी एलिस यांनी तो हुकूम देणारी दोन जनुके शोधली. ती बिघडली की १३१ पेशी मरतच नाहीत. इकडे माणसांच्या एका प्रकारच्या लिम्फोमात १४ आणि १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन ‘बीसीएल-२’ हे जनुक अवाजवी सक्रिय होते, हे कळले होते. कर्करोगाचे जनुक म्हणजे पेशीला विभागायला लावणारे, असा त्या वेळचा समज. १९८८ मध्ये मेलबर्नमधील डेव्हिड वॉ या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने ते जनुक पेशींत घातले आणि त्यांचा वाढीचा निरोप बंद केला. पेशी विभागल्या नाहीत. पण मेल्याही नाहीत.

२०/
शतकभर कर्करोगाकडे जन्माचा अतिरेक म्हणून पाहिले गेले होते. हा कर्करोग मृत्यूच्या अभावातून उभा राहिला होता. १९९२ मध्ये वॉ आणि सहकाऱ्यांनी माणसाचे बीसीएल-२ कृमीत घातले, तर तिथल्याही मरणाऱ्या पेशी वाचल्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन जीवांत मरणाची कळ एकच निघाली. पुढच्या दोन दशकांत बीसीएल-२ला निकामी करणारे औषध घडवले गेले. ‘व्हेनेटोक्लॅक्स’ या नावाने २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगासाठी मान्यता मिळाली. ते कर्कपेशींना त्यांची टळलेली पानगळ परत देते.

२१/
या दृष्टीने जुने आजार पुन्हा वाचले गेले. काउन्सिलमन यांचे गोळे उलगडले. विषाणूजन्य काविळीत यकृतपेशी, एड्समध्ये संरक्षक पेशी, मेंदूच्या ऱ्हासाच्या विकारांत चेतापेशी अकाली जातात. कर्करोगात ज्यांनी जायला हवे त्या जात नाहीत. २००२ चे नोबेल पारितोषिक कृमीवरील कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना मिळाले. करी १९९४ मध्ये निवर्तले होते. केर यांना २००० मध्ये हॉर्विट्झ यांच्यासह जर्मनीचा पॉल एर्लिक पुरस्कार मिळाला होता, पण नोबेलच्या यादीत शब्द देणाऱ्या तिघांपैकी कोणी नव्हते.

२२/
कथा इथे सुबकपणे संपत नाही. ‘मारले जाणे म्हणजे नेक्रोसिस, आखलेले मरण म्हणजे अपोप्टोसिस’ ही वाटणीही अपुरी ठरली. पेशीने स्वतःच्या यंत्रणेने घडवलेल्या पण फुटून संपणाऱ्या मरणाला ‘नेक्रोप्टोसिस’, जंतुसंसर्गात दाह उसळवणाऱ्या मरणाला ‘पायरोप्टोसिस’ अशी नावे २००० नंतर आली. नावांचा गुंता सोडवण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती नेमावी लागली. एकाच बंद पडलेल्या धमनीमागे हृदयाच्या पेशी एकाहून अधिक वाटांनी मरतात, हे आता ज्ञात आहे.

२३/
फोग्ट, फ्लेमिंग, काउन्सिलमन, ग्रेपर. चौघांची नजर अधू नव्हती. पण मृत्यू म्हणजे पराभव, हे गृहीत धरलेल्या काळात निरोगी शरीरातले मरण एकेकटी नोंद बनून राहिले : बेडकाची एक, अंडाशयाची एक, पीतज्वराची एक. ‘अपोप्टोसिस’ या शब्दाने नवे काही दाखवले नाही. विखुरलेल्या नोंदी एकाच गोष्टीच्या आहेत, एवढे सांगितले. त्यानंतर कुणाला तरी तिची यंत्रणा शोधावीशी वाटली आणि चव्वेचाळीस वर्षांनी त्यातून एक औषध आले. जुन्या दप्तरांत वाचून बाजूला ठेवलेल्या कितीतरी नोंदी आजही अशाच एखाद्या शब्दाची वाट पाहत पडून असतील.

(समाप्त)